कायद्याचे अभय

दिवाळी हा दिव्यांचा सण. म्हणजेच, जरा निराळ्या दृष्टीने पाहिले तर, विस्तवाशी मैत्री करण्याचा सण. पणती असो, फुलबाजी असो, की चकलीची कढई असो. अग्नी आपल्या आज्ञेत आहे तोवर घरात लक्ष्मी नांदते, आणि तो आज्ञेबाहेर गेला की तीच लक्ष्मी घटकेत राख होते. या भयापोटी माणसाने विमा नावाची एक सोय काढली आणि विम्याच्या पोटी पाहणी नावाची दुसरी सोय जन्मली. विम्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. पाहणीची कथा सहसा कोणी सांगत नाही. कारण पाहणी करणारा माणूस येतो, चार ठिकाणी डोकावतो, वहीत काही टिपतो आणि निघून जातो. त्याची आठवण होते ती एकदम आग लागल्यावर.

आणि मग प्रश्न उभा राहतो. जो माणूस जागा पाहून गेला, ज्याच्या नजरेतून धोका सुटला, त्याला जबाबदार धरावे की नाही? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. परंतु गेली तीनशे वर्षे न्यायमूर्ती आणि विधिमंडळे या प्रश्नावर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालत आली आहेत. एकाने जबाबदारी लादावी आणि दुसऱ्याने अभय द्यावे, असा हा खेळ आहे. तो समजून घेणे तुम्हाआम्हांलाही उपयोगाचे आहे. कारण आपण ज्या थिएटरात बसतो, ज्या लिफ्टमध्ये चढतो, ती कोणीतरी 'पाहून गेला आहे' या भरवशावरच.

कथेचा आरंभ लंडनला होतो. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेन नावाच्या गल्लीतील एका पाववाल्याच्या भट्टीतून आग निघाली आणि चार दिवसांत १३,२०० घरे आणि ८७ देवळे जळून गेली. घरे बहुतेक लाकडी, गल्ल्या अरुंद. या राखेतून ज्यांनी धंदा उभा केला त्यांत निकोलस बार्बन हा एक. शिक्षणाने वैद्य, वृत्तीने इमारतींचा सट्टेबाज! त्याने १६८० नंतर घरांचा आगीचा विमा सुरू केला. दर मोठा बोलका होता. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, तर लाकडी घराला पाच टक्के. आता वीट की लाकूड, हे ठरवायचे तर कोणीतरी जाऊन घर पाहिले पाहिजे. पाहणीचा उगम हा असा आहे. ती घरमालकाच्या काळजीतून जन्मली नाही, हप्त्याच्या हिशेबातून जन्मली. पुढच्या साऱ्या वादाची गुणसूत्रे या एका गोष्टीत आहेत.

पुढचा मुक्काम अमेरिकेतील फिलाडेल्फिया. तेथे १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सोबत्यांनी परस्पर सहकार्याची एक विमा मंडळी काढली. मंडळीचा माणूस घर पाहून येई आणि मगच विमा उतरे. काही वर्षांनी या पाहणीतून एक मजेदार निर्णय निघाला. घरासमोर झाड असेल तर आग विझवणाऱ्यांना अडथळा होतो, सबब झाडे असलेल्या घरांचा विमा घ्यायचा नाही, असे मंडळीने १७८१ मध्ये ठरवले. आता फिलाडेल्फियाच्या रहिवाशांना आपल्या दारची झाडे प्रिय होती. त्यांच्यापैकी काही जणांनी १७८४ मध्ये स्वतःची वेगळी मंडळी काढली, झाडांचा विमा स्वीकारला, आणि घरांवर लावायच्या पाटीवर बोधचिन्ह म्हणून हिरवे झाडच घेतले! पाहणी करणाऱ्याचा शब्द माणसांच्या अंगणापर्यंत पोहोचला होता, तो असा.

परंतु पाहणीला खरे मोठेपण आणले ते ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यातील एका गिरणीमालकाने. झकराया ॲलन हे त्याचे नाव. त्याने १८२२ मध्ये ॲलनडेल येथे कापडगिरणी बांधली. जाड भिंती, सहज पेट न घेणारी भक्कम लाकडी तक्तपोशी, आगीचा पंप, पाण्याचे नळ. जे जे सुचले ते ते त्याने केले. मग तो विमा कंपनीकडे गेला आणि म्हणाला, माझा धोका कमी, तेव्हा माझा हप्ताही कमी करा. कंपनीने नकार दिला. चांगल्या गिरणीने वाईट गिरणीचे नुकसान सोसायचे, हाच विम्याचा रिवाज! ॲलनने शेवटी १८३५ मध्ये इतर गिरणीवाल्यांना गोळा करून स्वतःची मंडळी उभारली. तिची मुख्य अट एकच: सभासदाची गिरणी नियमाने पाहिली जाईल, आणि जी गिरणी नीट नाही तिला आत प्रवेश नाही. येथे प्रथमच पाहणीचा हेतू बदलला. हप्ता किती लावायचा एवढेच न पाहता, आग लागूच नये म्हणून पाहायचे, असा विचार रुजला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही आपल्याकडची म्हण ॲलनला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याने बंब रामेश्वरीच नेऊन ठेवला, असे म्हणायला हरकत नाही.

अग्नीचा धाकटा भाऊ म्हणजे वाफ. एकोणिसाव्या शतकात बॉयलर फुटण्याचे अपघात इतके होऊ लागले की मँचेस्टरला विल्यम फेअरबर्न या नामवंत अभियंत्याच्या पुढाकाराने १८५४ च्या सुमारास बॉयलर तपासणारी एक संस्था निघाली. अमेरिकेत २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत 'सुलताना' नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले. ३७६ माणसांसाठी बांधलेल्या त्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली होती; बहुतेक सारे यादवी युद्धातील कैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. हजाराहून अधिक जीव गेले. वाटेत एका गळक्या बॉयलरला ठिगळ लावून बोट पुढे काढली होती. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, हार्टफर्ड येथे बॉयलरची तपासणी आणि विमा एकत्र करणारी कंपनी निघाली. तिचे सूत्र असे की आधी तपासणी, मग विमा. आमच्या तपासनिसाने ठीक म्हटलेले बॉयलर फुटले तर भरपाई आम्ही देऊ; म्हणजे विमा हा तपासणीचा जामीन.

आपल्याकडेही हीच गरज भासली, पण वाट निराळी निघाली. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली, आणि १८६४ मध्ये बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले, आणि त्या साऱ्यांची एकवाक्यता करणारा बॉयलर कायदा १९२३ मध्ये आला. गिरणगावात भोंग्याच्या तालावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या कुटुंबांना बॉयलर इन्स्पेक्टर हा शब्द परका नाही. येथे तपासणी सरकारने आपल्या हाती ठेवली. २०२५ मध्ये त्या जुन्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

आता न्यायालयात शिरू. पाहणीच्या जबाबदारीचे मूळ शोधताना विलायती कायदेपंडित एका पिंपापाशी जाऊन थांबतात. १७०३ सालचा खटला. बर्नार्ड नावाच्या गृहस्थाने कॉग्ज नावाच्या गृहस्थाची ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात हलवून देण्याचे कबूल केले. मोबदला काही नाही, नुसता शब्द. हलवताना हयगय झाली, एक पिंप फुटले आणि ब्रँडी वाहून गेली. बर्नार्डची बाजू अशी की, मी पैसे घेतले नाहीत, मग भरपाई का द्यावी? मुख्य न्यायमूर्ती होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल दिला की काम फुकट केले तरी हाती घेतलेले काम सांभाळून केले पाहिजे. न घेतलेस तर कोणी विचारले नसते. घेतलेस, आता उत्तर दे. आपल्या घरातली वडीलधारी माणसेही मुलांना हेच सांगतात. शेजारणीचे दूध तापवायला ठेवून घेतले आणि ऊतू घालवले, तर 'मी काय पैसे घेतले होते?' हे उत्तर चालत नाही.

हाच न्याय पाहणीला लागला १८९० मध्ये, न्यू जर्सीत. एका विमा कंपनीने बॉयलरचा विमा उतरवला होता आणि वेळोवेळी तपासणी करण्याचे कामही अंगावर घेतले होते. बॉयलर फुटले आणि शेजाऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले. शेजाऱ्याचा आणि विमा कंपनीचा करार वगैरे काहीच नव्हता. तरीही न्यायालय म्हणाले की, इतक्या भयंकर वस्तूवर देखरेख करण्याचे काम ज्याने पत्करले त्याने ते आसपासच्या माणसांच्या दृष्टीनेही नीट केले पाहिजे. पुढे १९२२ मध्ये न्यूयॉर्कला घेवड्याच्या ९०५ पोत्यांचा खटला गाजला. वजन करणाऱ्या काटेवाल्यांना नेमले विक्रेत्याने, पैसे दिले विक्रेत्याने. पण वजनाचा दाखला गेला खरेदीदाराकडे आणि त्यावरच त्याने किंमत मोजली. दाखल्यात सुमारे बारा हजार पौंडांची तूट निघाली. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ठरवले की ज्याच्या भरवशासाठी दाखला दिला त्याला काटेवाला उत्तरदायी आहे, पैसे कोणी का दिलेले असोत. या निकालात कार्डोझो यांनी त्या जुन्या पिंपाच्या तत्त्वाचाच आधार घेतला होता.

आणि मग आला तो खटला, ज्याने विमा कंपन्यांची झोप उडवली. २८ मार्च १९५७ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे एका इमारतीच्या बांधकामावर वर-खाली करणारा तात्पुरता पाळणा सहा मजले कोसळला. त्यात एकोणीस कामगार होते. सात मेले, बारा जबर जखमी झाले. मालकाच्या विमा कंपनीचा तपासनीस त्या कामावर पाहणीसाठी येऊन गेलेला होता, आणि आपल्या सुरक्षा-सेवेची जाहिरातही कंपनी मोठ्या अभिमानाने करीत असे. कामगारांनी आणि मृतांच्या वारसांनी विमा कंपनीवरच फिर्याद केली. इलिनॉय राज्यात खटला चालला; ज्यूरीने पंधरा लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली. मधल्या न्यायालयाने ती उडवली, परंतु १९६४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. तत्त्व तेच: पाहणी हाती घेतलीस, ती हयगयीने केलीस, तर उत्तर दे.

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. तो नुसता स्वार्थाचा नव्हता. त्या म्हणाल्या: पाहणी करणे आमच्यावर बंधनकारक नाही. आम्ही आमचा धोका जोखण्यासाठी जातो; जाता जाता दोन सूचना करतो, त्यांतून आगी टळतात. आता सूचना केली म्हणून आम्हालाच कोर्टात खेचणार असाल, तर आम्ही घरी बसू. न पाहणाऱ्यावर दावा होत नाही, पाहणाऱ्यावर होतो. मग पाहील कोण? आणि शंभर पाहण्या बंद पडल्या तर नुकसान कंपनीचे नव्हे, कामगारांचे आणि रहिवाशांचे होईल.

विधिमंडळांना हे पटले. खुद्द इलिनॉयने त्या निकालानंतर आपल्या कामगार भरपाई कायद्यात दुरुस्ती करून विमा कंपनीला संरक्षण दिले. अनेक राज्यांनी अशी कलमे केली. काही कामगार विम्यापुरती, तर काही मालमत्तेच्या विम्यासाठी होणाऱ्या पाहणीलाही लागू होणारी. त्यांचा सर्वसाधारण मसुदा असा की, विम्याच्या अनुषंगाने केलेल्या पाहणीत काही चुकले किंवा राहून गेले, एवढ्यावरून कंपनीवर किंवा तिच्या माणसावर भरपाईचा दावा चालणार नाही. पुष्कळ कायद्यांनी या अभयाला कुंपणही घातले. पाहणीचा वेगळा लेखी करार करून वेगळे पैसे घेतले असतील, किंवा जाणूनबुजून अपराध केला असेल, तर ढाल मिळणार नाही. कंपन्यांनी आणखी एक उपाय केला. अमेरिकेतील व्यापारी मालमत्तेच्या विमापत्रांत एक अट सर्रास छापलेली असते: आम्हांला पाहणी करण्याचा हक्क आहे, पण ती आमची जबाबदारी नाही; आणि आम्ही पाहिले म्हणून जागा सुरक्षित आहे अशी हमी आम्ही देत नाही. म्हणजे बार्बनच्या काळचे मूळ कारण पुन्हा वर आले. आम्ही पाहतो ते आमच्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे.

येथवर वाचकाला दोन्ही बाजू सारख्याच पटत असतील, तर नवल नाही. पण कायद्याचे मोल कागदावर कळत नाही, राखेत कळते. आणि योगायोग असा की ती राख पुन्हा ऱ्होड आयलंडचीच होती. ज्या राज्यात झकराया ॲलनने आपली गिरणी बांधली त्याच राज्यात, वेस्ट वॉरिक या गावी, २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री 'द स्टेशन' नावाच्या नाचगाण्याच्या क्लबात गाणे सुरू होताच शोभेची दारू उडवली गेली. रंगमंचामागच्या भिंतीला आवाज अडवण्यासाठी फोम चिकटवलेला होता. ठिणगी त्यावर पडली आणि काही मिनिटांत सारी जागा पेटली. १०० माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. इमारत जुनी म्हणून छतातल्या आपोआप पाणी सोडणाऱ्या फवाऱ्यांची सक्ती तिला नव्हती. जागा अग्निसुरक्षेसाठी पाहिली गेली होती. फोम मात्र पाहणाऱ्यांच्या नोंदीत आला नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी जे दावे केले त्यांत विम्यासाठी जागेची पाहणी करणाऱ्यांनाही प्रतिवादी करण्यात आले. आणि ऱ्होड आयलंडच्या विमा कायद्यात अशा पाहणीला अभय देणारे कलम होतेच. अखेर बहुतेक सारे दावे तडजोडीने मिटले. निरनिराळ्या प्रतिवादींनी मिळून सुमारे १७ कोटी ६० लाख डॉलर दिले. त्यांत राज्य सरकार आणि वेस्ट वॉरिक गाव यांचे प्रत्येकी एक कोटी होते. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्याच वर्षी राज्याने अग्निसुरक्षेचे नियम बदलले आणि जुन्या इमारतींना दिलेली सूट काढून टाकली.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचाच आहे असे कोणी समजू नये. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात 'बॉर्डर' चित्रपट चालू असताना तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरमधून आग निघाली आणि सज्जात कोंडलेली ५९ माणसे धुराने गुदमरून गेली. जास्तीच्या खुर्च्या घालून बाहेर जाण्याचा रस्ता अडवला गेला होता. या थिएटराला परवाने देणारी, ते तपासणारी सरकारी खाती होतीच. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मालकाबरोबर परवाना अधिकारी आणि महानगरपालिका यांनाही भरपाईत वाटेकरी केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १३ ऑक्टोबर २०११ रोजी त्या दोघांना वगळले. वैधानिक काम करणाऱ्या अधिकाऱ्याचा दुष्ट हेतू दिसत नसेल तर केवळ चुकीसाठी त्याला भरपाईत ओढता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. भरपाईचा ८५ टक्के भार मालकावर आणि १५ टक्के वीज मंडळावर राहिला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही असे कलम होते. म्हणजे अमेरिकेत जे अभय विमा कंपनीच्या माणसाला, तसेच काहीसे अभय आपल्याकडे सरकारी माणसाला. ढाल एकच, धरणारे हात निराळे.

मग न्याय कोणता? माझ्या मते अभय हे मुळात वाईट नाही. भीतीने डोळे मिटून घेणारा तपासनीस कोणाच्याच उपयोगाचा नाही. डॉक्टरने प्रत्येक नाडीगणिक कोर्टाची पायरी आठवायची म्हटले तर तो रोग्याला हातही लावणार नाही. परंतु अभय हे पाहण्यासाठी दिलेले आहे, न पाहण्यासाठी नव्हे, हा भेद विसरता कामा नये. ज्याने प्रामाणिकपणे पाहिले आणि ज्याच्या नजरेतून एखादी गोष्ट सुटली, त्याला कायद्याने वाचवावे. ज्याने उंबऱ्यावरूनच सही केली, किंवा धोका दिसूनही लिहिला नाही, त्याला वाचवू नये. आणि ज्या कंपनीने 'आमचे तज्ज्ञ तुमची काळजी वाहतात' अशी जाहिरात करून गिऱ्हाईक मिळवले, तिने आग लागल्यावर 'आम्ही आमच्यासाठी पाहत होतो' असे म्हणू नये. जाहिरातीत दिलेला शब्दही शब्दच.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या स्वतःच्या बाबतीतली आहे. या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निर्विवाद निघते: भिंतीवर टांगलेला दाखला पाहणाऱ्याला अभय देतो, राहणाऱ्याला नाही. पाहून गेलेल्या माणसाला पुढे कायदा तारील. त्या खोलीत जो बसलेला आहे त्याला तारणारा फक्त मोकळा जिना आणि उघडे दार. झकराया ॲलनला हे पुरते ठाऊक होते. विमा कंपनीने हप्ता कमी केला नाही म्हणून त्याने आपला पंप काढून टाकला नाही. तेव्हा या दिवाळीत दारात पणती लावताना जिन्यातली जुनी खोकी, बंद पडलेली सायकल आणि रद्दीचे गठ्ठे यांच्याकडेही एकदा दृष्टी टाकावी. ही पाहणी कोणा तपासनिसावर सोपवता येत नाही, आणि तिच्या बाबतीत अभय देणारे कलम कोणत्याच कायद्यात नाही.